बाबांच्या टेपा : प्रकल्प नोंदी

१३ एप्रिल २०२५

माळ्यावरचं सगळं आज खाली काढलं. पाव इंची टेपांचे खोके, त्यात बहुतेक पाच इंची रिळं आणि थोडी सात इंची, पत्र्याच्या गोल डब्यांमधली ३५ एमएमची मॅग्नेटिक, म्हणजे चित्राऐवजी आवाज धरणारी फिल्म, टेप कापून जोडायचा एक स्प्लायसिंग ब्लॉक, टेपवर खुणा करायच्या चायनाग्राफ पेन्सिलींचे तुकडे आणि बाबांची निळी लांबट वही. आई स्टूल धरून उभी होती आणि प्रत्येक खोक्याला हे जपून हे जपून चालू होतं.

नंतर कोणी ह्या नोंदी वाचल्या तर कळावं म्हणून आधीच लिहून ठेवते. बाबा महालक्ष्मीजवळच्या एका स्टुडिओत साउंडला होते, आधी ट्रान्सफर रूममध्ये, जिथे टेपवरचा आवाज मॅग्नेटिकवर उतरवतात, मग मिक्सिंग थिएटरला असिस्टंट, मग रेकॉर्डिस्ट. रोज ठाण्याहून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्नला, तिथून महालक्ष्मी, आणि रात्री मिक्सिंग लांबलं की शेवटच्या गाडीने परत. रविवारी मालकांची परवानगी घेऊन स्टुडिओचा नाग्रा, म्हणजे उचलून नेता येणारा टेप रेकॉर्डर, घरी आणायचे आणि ठाण्यात फिरून आवाज गोळा करायचे. ह्या टेपा त्याच आहेत. सिनेमांवर त्यांनी केलेलं काम कुठे ना कुठे प्रिंटमध्ये आहे पण हे आवाज ह्या खोक्यांशिवाय कुठेच नाहीत, आणि अजून किती पावसाळे ते तग धरतील सांगता येत नाही, म्हणून आता करायचंच.

मुळात आवाज गोळा का करावे लागायचे? तर तेव्हा शूटिंगला ॲरी टू-सी कॅमेरा असायचा आणि तो चालू झाला की इतका खडखडायचा की सेटवर रेकॉर्ड केलेला आवाज फक्त गाईड म्हणून, पायलट म्हणायचे त्याला, तेवढ्यापुरताच कामाचा. नंतर डबिंग थिएटरमध्ये संवाद परत बोलून घ्यायचे, आणि संवाद नवे झाले म्हणजे त्यांच्या मागचं सगळं जगही नव्याने उभं करायचं, पंखा, रस्ता, पाऊस, पावलं, दूरची गाडी. पडद्यावर दिसणाऱ्या गल्लीचा आवाज खरं तर दुसऱ्याच कुठल्या तरी गल्लीतून आलेला असायचा, आणि बाबांच्या सिनेमांमध्ये ती गल्ली पुष्कळदा नौपाड्यातली असायची.

१९ एप्रिल

वर्गवारी. हे काम मला वाटलं त्यापेक्षा जास्त आवडतंय.

पहिलं बघायचं की टेपचा बेस, म्हणजे ज्या प्लास्टिकवर आवाजाचा थर असतो ते, कुठला. रीळ उजेडासमोर धरायचं, कडेतून प्रकाश आरपार झिरपला तर ॲसिटेट, अंधार राहिला तर बहुधा पॉलिएस्टर. ॲसिटेट तुटतं तेव्हा सरळ तुटतं आणि जोडता येतं, पॉलिएस्टर ताणलं जातं आणि ताणलेला भाग परत कधी सरळ होत नाही. आपल्याकडे दोन्ही आहेत. ॲसिटेटवर पांढरा ठिपका लावला, पॉलिएस्टरवर निळा. पुढे काही टेपा गरम कराव्या लागणार आहेत आणि ॲसिटेट चुकूनही गरम करायचं नसतं.

दुसरं म्हणजे जोड. बाबांना नवी कोरी टेप कोण देणार, स्टुडिओत रेकॉर्डिंग झाल्यावर रिळाच्या शेवटी उरलेले तुकडे ते जमवून जोडायचे, त्यामुळे एकेका रिळात खूप स्प्लाइस आहेत, सगळे ४५ अंशात कापलेले. ब्लेड आधी डीमॅग्नेटाइज करायचं, म्हणजे त्यातलं चुंबकत्व काढायचं, नाहीतर जोडावर टक् असा आवाज बसतो, हे मला चौथीपाचवीत असतानाच माहीत होतं आणि मी शाळेत कोणाला तरी सांगितलंही होतं. आता त्या जोडांचा गोंद वाळलाय, हात लावला की सुटतात. प्रत्येक जोड नव्याने चिकटवायचा आहे.

जवळजवळ सगळ्या खोक्यांवर लाल अक्षरात टेल आउट लिहिलंय, म्हणजे टेपचा शेवट बाहेरच्या बाजूला. लहानपणी मला कळायचं नाही की बाबा ऐकून झाल्यावर टेप मागे का गुंडाळत नाहीत, घरातल्या कॅसेट तर आम्ही परत सुरुवातीला आणून ठेवायचो. त्यांनी एकदा मला मांडीवर बसवून दाखवलं होतं. टेपचे वेढे एकमेकांवर बसतात, मोठा आवाज असेल तर तो शेजारच्या वेढ्यावर थोडासा उमटतो. सुरुवात बाहेर ठेवून साठवलं तर तो उमटलेला आवाज खऱ्या आवाजाच्या एकदोन सेकंद आधी ऐकू येतो, कोणी ओरडायच्या आधीच त्याच्या ओरडण्याची सावली. शेवट बाहेर ठेवला की सावली मागे पडते आणि खऱ्या आवाजाखाली झाकली जाते. शिवाय सावकाश चालून गुंडाळली गेलेली टेप एकसारखी बसते, फास्ट रिवाइंड केली की वेढे वरखाली होतात. बाबांनी हे सगळं एका लहान पोरीला समजावं तसं नाही तर सहकाऱ्याला सांगावं तसं सांगितलं होतं. मी सात वर्षांची असेन.

२७ एप्रिल

मॅग्नेटिकचे डबे बाल्कनीत उघडले. दोन डब्यांना चांगलाच व्हिनेगरचा वास. ॲसिटेटचा बेस सडायला लागला की ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि मॅग्नेटिक फिल्मवर लोहाचा ऑक्साइड असल्यामुळे ते साध्या फिल्मपेक्षा जोरात होतं. एकदा सुरू झालं की थांबत नाही, मंद करता येतं फक्त, आणि त्याची वाफ शेजारच्या चांगल्या डब्यांनाही लागते. ओळखीच्या एका आर्काइव्हवाल्या ताईने कागदी पट्ट्या दिल्यात, निळ्या असतात, डब्यात ठेवल्या की ॲसिड किती त्यानुसार हिरव्या मग पिवळ्या होतात. दोन डबे पिवळ्याकडे झुकलेत. ते वेगळ्या कपाटात, बाकीचे बेडरूममध्ये, जिथे एसी चालतो.

हे डबे घरी कसे आले ते लिहायला हवं. नव्वदीच्या शेवटी सगळं काम कॉम्प्युटरवर जायला लागलं आणि स्टुडिओने जुनी मॅग्नेटिक्स भंगारात काढायचं ठरवलं. वर्षानुवर्षं वापरलेले इफेक्टचे लूप, दरवाजे, गर्दी, वारा, सगळं. जागेचं भाडं, कपाटं, धूळ, त्यांचीही बाजू होतीच. बाबा रोज दोन-दोन डबे पिशवीतून लोकलने घेऊन आले. हजार फुटी डबा हातात धरून बघा मग दादरचा पूल चढून बघा. गर्दीत कोणी विचारलं की ह्यात काय, तर म्हणायचे पाऊस आहे. खरंच एका डब्यावर पाऊस, पत्र्यावरचा, असं लिहिलंय.

३५ एमएम मॅग्नेटिक वाजवणारं मशीन आता कोणाच्या घरी असायची शक्यता नाही. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चौकशी करायची. तोपर्यंत थंड आणि कोरडं ठेवणं एवढंच हातात आहे.

४ मे

मशीन आलं! ऐरोलीचे काका स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन आले. रिळं वाजवायचं रेव्हॉक्स बी ७७, हाफ ट्रॅक, म्हणजे टेपच्या रुंदीत वरखाली दोन ट्रॅक वाजवणारं. काका बाबांबरोबर ट्रान्सफर रूममध्ये होते, वयाने लहान, बाबांना ते अजूनही साहेब म्हणतात आणि मला बाळ. माझं ऑफिस ऐरोलीलाच त्यामुळे हल्ली त्यांच्याकडे चहाला जाणं होतं.

दिवसभर हेड साफ करणं, डीमॅग्नेटाइज करणं आणि अझिमथ. रेकॉर्ड करणाऱ्या हेडची फट ज्या कोनात होती त्याच कोनात वाजवणाऱ्याची आली पाहिजे, केसाएवढा फरक पडला की वरचे सूर मरतात, स आणि च मऊ होतात. काकांनी एक युक्ती दाखवली. बाबांच्या टेपा फुल ट्रॅक मोनो, टेपच्या अख्ख्या रुंदीवर एकच आवाज, आपलं मशीन दोन ट्रॅकचं, म्हणजे दोन्ही चॅनलमध्ये तोच आवाज येणार. एक चॅनल उलटा करायचा आणि दोन्ही मिसळायचे, मग बारीक स्क्रूड्रायव्हरने हेड फिरवत जायचं. ज्या क्षणी आवाज जवळजवळ नाहीसा होतो तिथे हेड सरळ. मग चॅनल परत सुलटा करायचा.

जेवताना काका मिक्सिंग थिएटरबद्दल बोलत बसले आणि मला सगळं दिसायला लागलं.

मे महिन्याच्या सुट्टीत बाबा कधीकधी मला न्यायचे. बाहेर घाम आणि आत इतका गार एसी की आई माझ्या दप्तरात स्वेटर द्यायची, महालक्ष्मीला उतरून भर उन्हात हातात स्वेटर घेतलेली मी. आत काळोख, समोर मोठा पडदा, पडद्याखाली आकडे पळतायत, ते फुटांचे आकडे. मागे लांबलचक कन्सोल आणि त्यावर फेडर, आवाज कमीजास्त करायचे सरकते खटके. पलीकडच्या खोलीत मॅग्नेटिकची मशीनं ओळीने उभी, एकावर संवाद, एकावर म्युझिक, बाकींवर इफेक्ट, सगळी प्रोजेक्टरला बांधलेली, चालली तर सगळी एकदम थांबली तर सगळी एकदम. काका म्हणाले त्यांनी काम सुरू केलं तेव्हा मध्येच थांबून तेवढाच भाग दुरुस्त करायची सोय नव्हती, नवव्या मिनिटाला कोणाचा फेडर उशिरा उठला की अख्खं रीळ मागे नेऊन पहिल्यापासून. त्यामुळे रिळाचा शेवट जवळ आला की थिएटरमध्ये कोणी खोकतसुद्धा नसे. परळच्या राजकमल स्टुडिओचे रेकॉर्डिस्ट मंगेश देसाई हे त्या पिढीच्या सगळ्या साउंडवाल्यांचं दैवत, बाबा त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणायचे.

मला खुर्ची मिळायची सगळ्यात मागे आणि एक काम मिळायचं, क्यू शीटवर बोट ठेवून बसायचं. क्यू शीट म्हणजे मोठा कागद, उभे रकाने, कुठला आवाज कितव्या फुटाला सुरू आणि कितव्याला बंद. ३५ एमएम फिल्म मिनिटाला ९० फूट चालते, म्हणजे दीड फुटाला एक सेकंद, दीड फुटात २४ फ्रेम. बाबांच्या डोक्यात वेळ फुटांतच असायची. घरी चहा ठेवला की २७० फुटांनी गॅस बंद कर म्हणायचे आणि मी मनात भागाकार करून तीन मिनिटं मोजायची. काकांना हे सांगितल्यावर ते इतके हसले, म्हणे साहेब आम्हाला जेवायची सुट्टीसुद्धा फुटांत द्यायचे.

११ मे

पहिली टेप नीट उतरली. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. मोनो तासाला एक जीबीच्या थोडं वर जातं, चालेल.

रीळ फिरायला लागलं, आधी टोन, मग जोड, मग बाबा.

"तळावपाळी. सकाळचे पावणेसहा. होडी, वल्ह्याचा आवाज, जवळून. माइक चारशे सोळा. साडेसात इंच."

एवढंच. त्यानंतर बारा-तेरा सेकंद काहीच नाही, पाणी बांधाला लागतंय तेवढं, आणि मग वल्हं. ह्याला स्लेट म्हणतात, प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी काय, कुठे, कुठला माइक, टेप सेकंदाला किती इंच चालतेय ते बोलून ठेवायचं. मला माहीत होतं की स्लेट असणार, बाबा वहीत तेच लिहायचे, तरी मी तयार नव्हते. आई स्वयंपाकघरातून पळत आली, हातात पीठ. आम्ही दोघी उभ्याच होतो संपेपर्यंत. मग ती म्हणाली, तेव्हा सर्दी झाली होती त्यांना, ऐक ना नाकात बोलतायत.

१८ मे

काही टेपांवर दोन्ही चॅनलमध्ये बारीक ५० हर्ट्झचा हम. मशीन टेप न लावता चालवलं, हम नाही, म्हणजे घरच्या विजेचा नाही, टेपवरच आहे. काकांना फोन. ते म्हणाले अगं तो पायलट टोन, नाग्रावर क्रिस्टल, म्हणजे अचूक ठोके देणारा भाग, लावून ठेवलेला असायचा, टेपच्या मधोमध दोन बारीक पट्ट्यांवर तो ५० हर्ट्झ लिहितो, पुढे फिल्मशी वेग जुळवायला. दोन पट्ट्या एकमेकींच्या बरोबर उलट फेजमध्ये, म्हणून फुल ट्रॅक हेडवर त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि ऐकू येत नाहीत. आपल्या हाफ ट्रॅक मशीनवर वरच्या चॅनलला एक पट्टी सापडते आणि खालच्याला दुसरी. दोन्ही चॅनल बेरीज कर, जाईल.

बेरीज केली. गेला. किती देखणं डोकं लावलंय कोणी तरी! स्वित्झर्लंडच्या कुडेल्स्की ह्यांनी १९५१ मध्ये पहिला नाग्रा बनवला, बाबा त्या माणसाबद्दल असं बोलायचे जसं काही ते शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात.

३१ मे

यंदा पाऊस मे संपायच्या आत आला आणि घरातली हवा ओली झाली. आज जी रिळं लावली ती सत्तर-ऐंशीच्या दशकातली अँपेक्स ४५६, स्टुडिओतून उरलेली, आणि ती चालताना चिरकायला लागली, हेडवर तपकिरी चिकट थर. लगेच थांबवलं. टेपवर ऑक्साइड धरून ठेवणारा जो बाइंडर असतो तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि चिकट होतो, ह्या जातीच्या टेपांची ही ठरलेली व्यथा आहे, आणि ठाण्याची हवा वर्षातले चार महिने तर त्यासाठीच असल्यासारखी.

उपाय म्हणजे सुकवणं. साधारण ५४ अंशावर आठेक तास, मग तितकाच वेळ हळूहळू गार होऊ द्यायचं, त्यानंतर काही आठवडे टेप चांगली वाजते तेवढ्यात उतरवून घ्यायची. स्वयंपाकाचा ओव्हन वापरायचा नाही, त्याचं तापमान वरखाली होतं. मैत्रिणीचा भाज्या सुकवायचा डिहायड्रेटर आणला, आत वेगळा थर्मामीटर ठेवला, फक्त निळे ठिपके. पांढऱ्यांना दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं म्हणजे हात जाणारच नाही. रात्री उशिरा पहिलं रीळ लावलं, गुळगुळीत चाललं.

८ जून

आजचं रीळ १९८६ चं, खोक्यावर ठाणे स्टेशन, रात्र. स्लेटमध्ये बाबा जवळजवळ कुजबुजतायत, बहुतेक बाकावर कोणी झोपलं असेल. मग लांबून गाडी येते.

ज्यांनी ती गाडी ऐकलीय त्यांना लगेच कळेल. जुनी डीसी लोकल. उभी असताना खालून कॉम्प्रेसरची धक् धक् धक्, मग हवेचा फुस्स, मग सुटताना मोटरचा तो खालून वर चढत जाणारा जाडा सूर आणि मध्ये मध्ये खटका पडल्यासारखे टप्पे. २०१५ मध्ये सीएसएमटी ते ठाणे पट्ट्यात डीसी वीज जाऊन एसी आली आणि त्यानंतर त्या गाड्या आमच्या लाइनवरून गेल्याच. आताच्या गाड्यांचा आवाज वेगळा, पातळ आणि सरळ. मी रोज प्रवास करत होते आणि माझ्या कधी लक्षातच आलं नाही की एक आवाज शहरातून निघून गेला. इमारत पाडली तर निदान फोटो असतो कोणाकडे तरी.

बाबांनी गाडी सुटल्यावरही रेकॉर्डिंग बंद केलं नाही. रूळ हळूहळू शांत होतात, त्यातला तो ताणलेल्या तारेसारखा आवाज, मग एक चहाची किटली ठेवल्याचा आवाज, मग पंखे. पूर्ण शांत होईपर्यंत ते थांबलेत. काका म्हणायचे साहेबांचं रेकॉर्डिंग ओळखू येतं कारण शेपटी लांब असते, इफेक्ट लावणाऱ्याला फेड करायला, आवाज हळूहळू विरवायला, जागा ठेवतात.

१५ जून

आईचा दिवस. मी नुसतं मशीन चालवलं.

खोक्यावर लिहिलंय नौपाडा, कंपाउंड, कल्हई. भात्याची धाप, निखारे, भांडं फिरवल्याचा घासता आवाज, नवसागर टाकल्यावरची फस्स आणि शेवटी पाण्यात बुडवल्यावरचा चर्रर्र. मग बाबांचा आवाज, भाऊ तेच पातेलं परत एकदा करता का, पैसे देतो. कल्हईवाला म्हणतो अहो पण झालंय ना छान. बाबा म्हणतात छानच झालंय, पण मध्ये स्कूटर गेली. आई म्हणाली ते पातेलं आहे आपल्याकडे, दोनदा कल्हई झालेलं, आणि आत जाऊन घेऊनच आली.

मग ती बांगड्यांवर आली. बाबा तिच्या काचेच्या हिरव्या बांगड्या न्यायचे. फोलीच्या खोलीत जमिनीत चौकोन असायचे, एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात लाकूड, आणि पडद्याकडे बघत कलाकार त्यावर चालायचे, हिरॉइनच्या हाताबरोबर हात हलवून बांगड्या वाजवायचे. ते करणारे कलाकार वेगळे, बाबा रेकॉर्ड करायचे, पण वस्तू निवडायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती. आईचं म्हणणं तिच्या बांगड्या तिच्यापेक्षा जास्त सिनेमांत आहेत. तिच्या कोल्हापुरी चपलासुद्धा गेल्या होत्या, नवीन असताना, कारण जुन्या झाल्या की करकर जाते.

जांभळी नाक्याला बाबांबरोबर खरेदीला जाणं म्हणजे सोहळा. कुलूप घ्यायचं तर दहा कुलपं उघडून बंद करून कानाशी धरायचे. कडीकोयंडा, बिजागरी, पितळेची घंटी. एका हार्डवेअरवाल्याला इतकी सवय झाली होती की तो स्वतःच वाजवून दाखवायचा, हा ऐका साहेब जुन्या वाड्याचा, हा तुरुंगाचा. आणि कुठल्याही नव्या जागी शिरलं की बाबा एक टाळी वाजवायचे, फक्त एक, आणि मान थोडी वाकडी करून ऐकायचे. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेत, कौपिनेश्वराच्या मंडपात. आई लाजून पुढे निघून जायची. मला मात्र तेव्हा वाटायचं की सगळ्यांचे बाबा असंच करतात, खोलीला आधी विचारतात मग आत येतात.

लोडशेडिंग असायचं तेव्हाचं तर सगळ्यात जास्त आठवतं. दिवे गेले की बिल्डिंगभर ओरडा व्हायचा, तो विरला की बाबा म्हणायचे, आता ऐक, फ्रिज बंद, पंखा बंद, आता आपल्या खोलीचा स्वतःचा आवाज ऐकू येईल. आणि यायचा. दिवाणखान्याचा वेगळा, बाथरूमचा वेगळा. सेटवरही काम संपताना ते सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करून नुसती खोली रेकॉर्ड करायचे, कारण संवादांच्या मध्ये भरायला ती लागते, अगदी कोरी शांतता घातली तर प्रेक्षकाला कान बंद झाल्यासारखं होतं.

२९ जून

काकांशी आज चांगलाच वाद झाला, प्रेमाचा. ते म्हणतात लायब्ररीचा नियम असा की स्लेट कापायची, पुढची-मागची रिकामी जागा कापायची, इफेक्ट स्वच्छ ठेवायचा. एडिटरला होडीचं वल्हं हवं असतं, त्याला साहेबांची सर्दी कशाला. बरोबर आहे त्यांचं. त्यांनी आयुष्यभर हेच केलं.

पण मी आता बरीच रिळं ऐकलीयत आणि माझं मत पक्कं झालंय. बाबांचं काम त्या स्लेटनंतरच्या सेकंदांमध्ये आहे. ते बोलतात, मग गप्प होतात, आणि थांबतात. कुठे दहा सेकंद, येऊरच्या एका टेपवर तर चार मिनिटं, पाऊस थांबल्यावर बेडूक परत सुरू होईपर्यंत. मध्ये एकदा हळूच ऐकू येतं, परत घेतो, माझीच चप्पल वाजली, आणि पुन्हा तेवढंच थांबणं. वल्हं कोणीही रेकॉर्ड करेल, वल्ह्याच्या आधी श्वास धरून उभा राहिलेला माणूस कापून टाकला तर त्या आवाजाला इतकी मोकळी जागा कशी मिळाली ते कळणारच नाही. आणि दुसरं, ह्या स्लेट ओळीने लावल्या की सत्त्याऐंशीपर्यंतचा भरभर बोलणारा तरुण माणूस आणि नंतरचा, माइकला थोडं लांबून, थांबत थांबत बोलणारा, दोघे दिसतात. एवढं बोलणं दुसरं कुठेही नाही आमच्याकडे.

ठरलं असं. मास्टर फाइल रिळाच्या पहिल्या टोनपासून शेवटच्या टोकापर्यंत अखंड, काहीही न कापता, हम न काढता, दोन्ही चॅनल जसेच्या तसे. त्यावरून कामाच्या कॉप्या वेगळ्या, बेरीज केलेल्या, स्वच्छ, काका म्हणतात तशा. कापायचं काम काका स्वतः करणार आहेत. निघताना म्हणाले, चार मिनिटं थांबायचे ते खरं आहे बाळ, आम्ही बूम, माइकची काठी, धरून हात दुखवून घ्यायचो.

१३ जुलै

कॉप्यांची व्यवस्था : एक घरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर काकांकडे ऐरोलीला, एक क्लाउडवर. प्रत्येक फाइलला जागा, वर्ष, माइक, वेग आणि वहीतल्या नोंदीचं पान. जिथे वहीत वर्ष नाही तिथे रिकामं ठेवलंय, अंदाज लिहायचा नाही.

गेल्या आठवड्यात येऊरला जाऊन बाबांची ती बेडकांची जागा शोधली. फोनवर रेकॉर्ड केलं तर बेडूक आहेत, भरपूर आहेत, पण त्यांच्या खाली घोडबंदरच्या बाजूने गाड्यांचा एकसलग गुं येत राहतो, रात्री एकलासुद्धा. बाबांच्या टेपवर तिथे खाली काहीही नाही. म्हणून ही टेप दोनदा उतरवली, वेगवेगळ्या दिवशी अझिमथ नव्याने लावून, आणि त्यातली चांगली ती मास्टर.

आणखी एक. साउंड डिझाइन शिकणाऱ्या एका मुलीला काकांनी ह्या कामाबद्दल सांगितलं होतं. तिच्या शॉर्ट फिल्मची गोष्ट ऐंशीच्या दशकातली, तिला डीसी लोकल हवी होती, बाकी कुठे स्वच्छ मिळाली नाही. दोन्ही फाइल पाठवल्या, स्लेटची आणि बिनस्लेटची. तिने विचारलं हे बोलणारे कोण आणि क्रेडिट कसं द्यायचं. बाबांच्या वेळी असिस्टंट लोकांची नावं पाटीवर क्वचित यायची, रेकॉर्डिस्ट झाल्यावरही घरातले आम्ही थिएटरमध्ये शेवटपर्यंत बसून शोधायचो आणि बरेचदा नाव इतकं झरकन जायचं की बाबा म्हणायचे गेलं बघ. तिला पूर्ण नाव लिहून पाठवलं, मधलं नाव पण, आणि खाली ध्वनिमुद्रण, ठाणे, १९८६. आईने स्पेलिंग दोनदा तपासलं.

राहिलेलं काम : वागळे इस्टेटच्या भोंग्याचं रीळ, त्यात जोड खूप आहेत, एक पूर्ण रविवार लागेल. पांढऱ्या ठिपक्यांमधली कडेला दुमडलेली दोन रिळं, ती काका आल्याशिवाय लावायची नाहीत. पिवळ्या पट्टीवाल्या मॅग्नेटिक डब्यांचे फोटो आणि मोजमापं पुण्याला पाठवायची, पत्र्यावरच्या पावसाचा डबा यादीत सगळ्यात वर.